रखमाजीची लोकर येईपर्यंत

इनासबाबांना पेटीत निजवलं तेव्हा त्यांच्या कमरेला गाईची दोरी होती. निळी, नायलॉनची, बाजारात कुठल्याही दुकानी टांगलेली असते तसली. अंगात तोच जुना तपकिरी झगा, पायांत तेच झिजलेले सँडल, आणि पोटावर ही भडक निळी दोरी, तिला पुढं तीन गाठी. न्हावऱ्यापासून कारेगावपर्यंतची माणसं दर्शनाला लोटली होती आणि पाया पडून उठताना प्रत्येकाची नजर त्या दोरीवर अडकत होती. "अखेरीला डोकं फिरलं असंल म्हाताऱ्याचं," असं कुणीतरी हळूच म्हणालंसुद्धा.

रखमाजी पेटीपासून चार हातांवर उभा होता आणि काही केल्या पुढं सरकत नव्हता. त्याच्या बायकोनं, तानुबाईनं, मागून कोपर मारलं. "व्हा की पुढं. मानूस गेलाय, त्येचं तोंड तर बघा." पण रखमाजीला तोंड दिसतच नव्हतं. त्याला दोरीच दिसत होती. ती तिथं कुणाच्या सांगण्यावरून आली होती, ते एवढ्या गर्दीत त्याला एकट्याला ठाऊक होतं.

आता हे इनासबाबा कोण, ते आधी सांगतो. बाबा म्हणजे कॅथलिक साधू. मूळचे वसईचे, आडनाव तुस्कानो. त्यांच्या पंथातले लोक लग्न करत नाहीत, स्वतःचं म्हणून काही ठेवत नाहीत, झग्यावर कमरेला पांढरी दोरी बांधतात, आणि वरून जिथं पाठवतील तिथं निमूट जातात. ह्यांना सदतीस वर्षांपूर्वी पाठवलं न्हावऱ्याच्या पलीकडच्या माळावर. काय होतं हो तिथं? कुसळं, दगड आणि पाच-सहा धनगरवस्त्या. बाबांनी पत्र्याच्या दोन खोल्यांत दवाखाना मांडला आणि झगा सावरत वस्त्यांवर पायी हिंडायला लागले. पहिलं वर्षभर लोक त्यांना बघून वाट बदलायचे, हा बाटवायला आलाय म्हणून. बाबांनी बाटवलं कुणालाच नाही. उलट आमच्या लोकांनीच त्यांना बाटवलं. खर्डा-भाकरी खायला लावली, चार शिव्या शिकवल्या, यात्रेतल्या कुस्त्यांना पंच म्हणून बसवलं. मासळीवर वाढलेला माणूस, तो पिठल्यावर मिटक्या मारायला लागला.

विंचू चावला, बाळंतीण अडली, गाय फुगली, की माणसं म्हणायची, पळ, बाबांना हाक मार. दौंडच्या रुळांवर कुणी बेवारस सापडलं, कारेगावच्या खोलीत कुणी परमुलखातला कामगार पोरगा मरून पडला, तर त्याचं शेवटचं करायलाही बाबाच. "ह्येला आई असंल कुठंतरी," एवढंच म्हणायचे. पत्ता मिळाला तर त्या आईला स्वतः पत्र लिहायचे. नाही मिळाला तर दौंडच्या जुन्या कबरस्थानात एका कडेला जागा करून घ्यायचे.

रखमाजीची आणि बाबांची गाठ पडली ती एका कोकराच्या पायी. रखमाजीच्या आईचा पाय चिघळला होता, वास वस्तीभर सुटला होता, सुना नाकाला पदर लावून भाकरी सरकवत होत्या. बाबा आले, मातीत गुडघे टेकून बसले आणि तासभर तो पाय धुवत राहिले. ते धुण्यात गुंग, आणि मागून एका कोकरानं त्यांच्या कमरेची सुती दोरी चघळून चघळून निम्मी फस्त केली! बाबा उठले तर झगा पायांत. पोरं खो-खो हसली. रखमाजी मात्र लाजून अर्धा झाला. आईचा पाय धुणाऱ्या माणसाला त्याच्या घरातून दोरीशिवाय कसं पाठवायचं? रखमाजीच्या घरात लोकर मागणाऱ्याला नाही म्हणायची रीत नव्हती, आणि इथं तर मागायच्या आधीच देणं लागू झालं होतं.

आमच्याकडची मेंढरं काळी. पांढरी एखादीच निघते. रखमाजीनं शोधून पांढरी मेंढी कातरली, लोकर पिंजली, टकळीवर सूत काढलं आणि दोरी वळली. चार हात आणि वर एक वीत. ती घेऊन गेला तर बाबा म्हणाले, "गाठी मी मारीन, रखमाजी. त्या ज्याच्या त्यानंच मारायच्या असतात." बाबा डावरे. डाव्या हातानं त्यांनी तीन गाठी मारल्या, आपण मारतो त्याच्या नेमक्या उलट्या.

"ह्या कशाच्या ओ, बाबा?"

"शपथा आहेत. पहिली, माझं काही नाही. दुसरी, माझं कुणी नाही. तिसरी, मी माझ्या मनाचं ऐकायचं नाही, सांगतील त्यांचं ऐकायचं."

रखमाजीनं डोकं खाजवलं. "आयला! म्हंजी लगीन झालेल्या गड्यागतच की ओ!"

बाबा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिथून पुढं दोघांचं जमलं ते कायमचं. रखमाजी एक तरी पांढरी मेंढी कळपात राखायचाच, निव्वळ ह्या दोरीपायी. दर दोन-तीन वर्षांनी दुपारी बारा वाजता, दवाखाना बंद करून, बाबा वस्तीवर यायचे. सँडल चट् चट् वाजवत यायचे, लिंबाखालच्या सपाट दगडावर बसायचे, तांब्याभर पाणी प्यायचे आणि म्हणायचे, "दोरी झिजली बघ, रखमाजी." मधल्या काळात दोरीचं काम नसलं तरी यायचेच. रखमाजीचा हल्लीचा कुत्रा लाल्या त्यांची चाहूल लागली की उठून सामोरा जायचा आणि ते बसले की त्यांच्या पायांवर हनुवटी टेकून डोळे मिटायचा. असं पस्तीस वर्षं चाललं. कुत्री बदलली, मेंढ्या बदलल्या, दगड तोच राहिला.

आणि मग गेल्या साली हनुमंतनं मेंढरं विकली. हनुमंत म्हणजे रखमाजीचा एकुलता पोरगा. कारेगावला कंपनीत पॅकिंगला लागला, बायकापोरं घेऊन तिथंच खोली केली. रखमाजीनं आकांडतांडव केलं तेव्हा खाली मान घालून म्हणाला, "इनासबाबाच म्हणलं, इकून टाक म्हणून." बाबांचं नाव आलं आणि रखमाजीचं तोंडच बंद झालं. बाबा बोलले म्हणजे संपलं. पण आतल्या आत तो धुमसत राहिला. सकाळी उठून रिकाम्या मेंढवाड्याकडं बघायचं आणि दिवसभर बाबांच्या नावानं दात-ओठ खायचे, हेच त्याचं काम झालं. बाबा दुपारी यायचे तेव्हा तो मुद्दाम शेताकडं निघून जायचा. तानुबाई पाणी द्यायची, बाबा दगडावर घटकाभर बसायचे आणि परत जायचे.

गणपती बसायच्या आधीची गोष्ट. बाबा आले आणि त्या दिवशी रखमाजी नेमका घरी सापडला. बाबा दगडावर टेकले. झगा अंगावर नुसता लोंबत होता, गालफडं बसली होती.

"दोरी झिजली बघ, रखमाजी. एक नवी कर. आणि ह्या खेपेला वीतभर आखूड कर. आखूड चालंल."

आखूड चालंल! रखमाजीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याला वाटलं, हा टोमणाच आहे. मेंढरं राहिली नाहीत, लोकर कुठली निघणार, तेव्हा मिळंल तेवढी दे बाबा, असं म्हणतोय हा. मेंढरं विकायला लावायची आणि वर दया दाखवायची!

"लोकर?" तो उसळला. "कुठनं आणू लोकर? मेंढरं इकायला लावताना लोकर आठवली न्हाई व्हय तुला? जा, नायलॉनची बांध! गाईची बांध जा!"

पस्तीस वर्षांत पहिल्यांदा त्यानं बाबांना अरे-तुरे केलं होतं. दारात तानुबाईच्या हातातला तांब्या तसाच राहिला. बाबांनी त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही, काही नाही, नुसतं बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "बांधतो."

लिंबाच्या खोडाला धरून ते उठले. पाणी न पिता गेले. एवढा काटक माणूस, उठायला झाडाचा आधार घेतोय, हे रखमाजीनं डोळ्यांनी बघितलं होतं. पण रागात माणसाला दिसत असूनही दिसत नाही.

पुढं आठ दिवसांत कळलं. पोटाचा कॅन्सर, आणि तो चहूकडं पसरलेला. बाबांना सगळं आधीच माहीत होतं, कुणाला बोलले नव्हते. कंबर उतरली होती म्हणून आखूड दोरी हवी होती, दुसरं काही नाही. पुण्याच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून ते मरायला म्हणून माळावर परत आले. रोज कुणी ना कुणी भेटून यायचं. रखमाजी रोज म्हणायचा, उद्या जातो. काय तोंड घेऊन जाणार होता? वसुबारसेच्या दिवशी सकाळी बाबा गेले.

आणि आता ती निळी दोरी पेटीत होती. रखमाजी थिजून उभा असताना तरुण ब्रदर पास्कू त्याच्याजवळ आले. बाबांच्या हाताखाली दोन वर्षं होते, शेवटचं सगळं त्यांनीच केलं होतं. डोळे सुजले होते त्यांचे.

"तुम्हीच रखमाजी आबा ना? पुण्याहून आमचे मोठे फादर नवी दोरी घेऊन आले होते. पण बाबांनी मला बजावून ठेवलं होतं. म्हणाले, ही काढायची नाही. ही रखमाजीनं सांगितलीये. रखमाजीची लोकर येईपर्यंत हीच. म्हणाले, तो उशीर करील. पण आणील."

तानुबाईनं आणि पास्कूंनी धरून रखमाजीला बाजूला बसवलं. संध्याकाळी बाबांना दौंडच्या जुन्या कबरस्थानात, त्यांनी स्वतः पुरलेल्या बेवारसांच्या शेजारी ठेवलं. तशी त्यांची इच्छा होती.

भाऊबीजेच्या दुपारी रखमाजी दारात बसला होता. ऊन डोक्यावर आलं होतं आणि सगळीकडं चिडीचूप होतं. लाल्या झोपेतून ताडकन उठला. कान टवकारले, शेपूट हलवायला लागला आणि पाऊलवाटेनं सामोरा गेला. वाटेवर कुणी नव्हतं. पण आवाज होता. चट्. चट्. चट्. झिजल्या सँडलचा. तो वाटेच्या वळणापासून लिंबापर्यंत आला आणि दगडाशी थांबला. मग दुसरा एक आवाज झाला, जो पस्तीस वर्षांत कधी झाला नव्हता. नायलॉनची दोरी जाड कापडावर करकरली, माणूस खाली बसताना करकरावी तशी.

लाल्या दगडापुढं बसला आणि त्यानं हनुवटी टेकली. रखमाजीनं बघितलं आणि त्याच्या अंगावर सर्रकन काटा आला. कुत्र्याची हनुवटी जमिनीला लागली नव्हती. वीतभर वर होती, कशावर तरी ठेवल्यासारखी. डोळे मिटून, सुखानं, तो तसाच राहिला.

घटकाभरानं पुन्हा करकर झाली, पावलं चट् चट् वाजत वाटेनं निघून गेली. लाल्या वळणापर्यंत पोचवून परत आला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. तानुबाईला आवाज ऐकू येत नव्हता, पण कुत्रं दिसत होतं. तिनं देवरूषी बोलवायची गोष्ट काढली. उतारा करू म्हणाली, लिंबू टाकू.

"बाबांवरनं लिंबू उतरवतीस?" रखमाजी कावला. "माझ्या आयचा सडका पाय धुतलाय त्या मानसानं! ते काय भूत हायत व्हय?"

"मग काय हायत?" तानुबाई म्हणाली. रखमाजीला मनातून ठाऊक होतं. ते दोरी न्यायला येत होते. रखमाजीचा शब्द ऐकून कमरेला गाईची दोरी बांधून मेलेला माणूस, तो आता रोज भर बारा वाजता येऊन वाट बघत होता, आणि एका शब्दानं मागत नव्हता.

पाचव्या दिवशी रखमाजी एसटीनं शिरूरला आणि तिथून कारेगावला गेला. हनुमंत नुकताच ड्युटीवरून येऊन आडवा झाला होता. बापाला दारात बघून गडबडून उठला.

"पांढरी मेंढी कुणाला इकली?" रखमाजीनं पाणीसुद्धा न घेता विचारलं.

"भांडगावच्या शिवारात हायत ती लोकं सध्या. पण आप्पा, तुमाला कशापायी पायजे?"

रखमाजीनं सांगितलं. दोरीचं सांगितलं, पेटीतलं सांगितलं, दगडावरचंही सांगून टाकलं. ऐकता ऐकता हनुमंतचा चेहरा उतरत गेला. शेवटी तो भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके द्यायला लागला.

"आप्पा, बाबांनी कधीच म्हणलं न्हवतं, मेंढरं इक म्हणून."

"काय?"

"मीच इकली. माझ्याच्यानं उन्हातान्हात हिंडनं व्हईना. तुमी नुसतं बाबांचं ऐकता, म्हणून त्येंचं नाव घेतलं. मग लई दिवस मन खाया लागलं, तवा त्येंच्याकडं गेलो आन् कबूल झालो. म्हणलं, आप्पांस्नी खरं सांगतो. तर बाबा म्हणलं, ऱ्हाऊ दे. तुझ्या बापाला कुणावर तरी चिडायला लागतंच. लेकावर चिडण्यापरीस माझ्यावर चिडू दे. मला सवय हाय."

रखमाजी हात उगारायला म्हणून उठला होता. तो हात तसाच खाली आला. एक खोटं पोरानं बोलावं, ते बाबांनी आपल्या अंगावर घ्यावं, आणि त्याबद्दल रखमाजीनं दगडावर बसलेल्या मरणाऱ्या माणसाला पाणी पिऊ न देता हाकलावं! "मला का न्हाई सांगितलं रं, बाबा," असं तो भिंतीकडं बघून म्हणाला, आणि ते हनुमंतला उद्देशून नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हनुमंतनं खाडा केला आणि बापाला मोटारसायकलवर बसवून, पारगावच्या पुलावरून भीमा ओलांडून, भांडगावला आणलं. हायवेच्या अलीकडं एका कांद्याच्या रिकाम्या रानात मेंढरं बसवली होती. रखमाजीनं लांबूनच तोंडानं "हुर्र्" केलं, आणि काळ्या कळपातून एक पांढरं डोकं वर झालं. मेंढी थेट चालत आली आणि त्याच्या धोतरात तोंड खुपसून उभी राहिली. कळपाची मालकीण सोजराबाई चुलीपुढून हसली. "आमी तिला मारून मुटकून हाकतो आन् तुमाला बरी वळखती ही!"

"लोकर पायजे व्हती तिची, बाई."

"न्या की! आमी बांधावरच टाकतो. लोकरीला आता कोन पुसतंय?"

रखमाजीनं स्वतःच्या हातानं मेंढी कातरली. तिला एक ओरखडा उठू दिला नाही.

घरी येऊन त्यानं लोकर धुतली, वाळवली, पिंजली आणि लिंबाखाली दगडापुढं बसून टकळी फिरवायला घेतली. बारा वाजले. चट् चट् आली. करकर झाली. लाल्यानं हनुवटी टेकली. रखमाजी टकळी फिरवत राहिला.

"आलात?" तो म्हणाला. "हे बघा, सुरू केलंय."

त्या दिवसापासून तो बोलायला लागला. इतक्या दिवसांत जे बोलायचं राहिलं होतं ते सगळं. हनुमंतनं कबुली दिल्याचं सांगितलं. तुमी लई वाईट मानूस हाय बाबा, म्हणाला, माझ्या शिव्या फुकट खाल्ल्या. तांब्याभर पाणी दगडावर ठेवायला लागला. उलट शब्द कधी आला नाही, पण कुणीतरी ऐकतंय हे समोर बसलेल्या माणसाला कळतंच की. तानुबाई दारातून बघायची आणि पदरानं डोळे टिपायची. भीती कधी गेली ते रखमाजीला कळलंसुद्धा नाही. तो सकाळपासून बारा वाजायची वाट बघायला लागला.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. दोरी झाली की बाबा जाणार. दोरीसाठीच तर येतात.

तेव्हापासून त्याचं सूत निघेना. आज ऊन फार आहे, आज टकळी नीट फिरत नाही, आज बोटं दुखतात. निघालेला धागा चांगला असला तरी तो, जाड आला, म्हणून तोडायचा आणि पुन्हा पिंजायचा. दोन दिवसांचं काम, त्याला पंधरवडा लोटला. पस्तीस वर्षांचा दोस्त परत मिळाला होता त्याला, जिता नसंल, पण रोज येऊन बसणारा. आपल्या हातानं त्याला वाटेला कसं लावायचं? स्वार्थ म्हणा हवं तर. रखमाजी स्वतःही तेच म्हणत होता.

पण पावलं बदलायला लागली होती. आधी वळणापासून लिंबापर्यंत ती सरळ यायची. मग मध्येच थांबायला लागली. चट्, आणि मग बराच वेळ काही नाही, मग फरपटत एक. लाल्याही दोन पावलं चालून मागं वळून थांबायचा, म्हाताऱ्या माणसाबरोबर चालताना थांबतात तसा. एका दुपारी वळणापासून दगडापर्यंत यायला इतका वेळ लागला की झाडाची सावली हातभर सरकली. बसताना दोरी करकरली ती जोरात, आणि रखमाजीला स्पष्ट दिसलं, म्हणजे दिसलं काहीच नाही, पण कळलं, की ती नायलॉनची दोरी त्या खंगलेल्या कमरेला काचतेय. बाबा आजारी होते तसेच चालत होते. दौंडपासून इथवर, रोज, ह्याची लोकर येईपर्यंत.

रखमाजीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"थकलाव, बाबा," तो म्हणाला. "आन् मी मेला तुमाला हिंडवतोय. चुकलं माझं. उद्या यायचं न्हाई. उद्या मी येतो."

त्या दिवशी तो जेवायलाही उठला नाही. सूत काढलं, पीळ दिला, दोरी वळली. दिवेलागणीला ती झाली. मोजताना चार हातांवर आला आणि पुढच्या वितेशी त्याचा हात थांबला. तिथंच त्यानं टोक बांधून टाकलं. "वीतभर आखूड," तो स्वतःशीच म्हणाला. "सांगितलं तशी."

सकाळी हनुमंतच्या मागं बसून तो दौंडला गेला. ब्रदर पास्कूंना फोन केला होता, ते फाटकापाशी उभे होते. जुन्या गोऱ्या रेल्वे साहेबांच्या दगडी थडग्यांपलीकडं बाबांची मातीची कबर होती, वर साधा लाकडी क्रूस. रखमाजी क्रूसापुढं उकिडवा बसला. दोरीचे दोन वेढे त्यानं क्रूसाला कंबरेएवढ्या उंचीवर दिले आणि टोक पुढं लोंबतं सोडलं, बाबांचं असायचं तसं.

"गाठी, आबा?" पास्कूंनी हळूच विचारलं. "गाठी नाही मारत?"

"त्या त्येंच्या त्येंनी मारायच्या," रखमाजी म्हणाला. "आमची तशीच रीत हाय." मग त्यानं मातीवर हात ठेवला. "बाबा, ही लोकर. ती निळी काढा आता. आन् मी तुमाला अरे म्हणालो त्ये..." हनुमंतनं वाकून बापाचे खांदे धरले, आणि बापानं ते धरू दिले.

दुसऱ्या दिवशी बारा वाजता रखमाजी दारात बसला. ऊन होतं, चिडीचूप होतं. लाल्यानं एकदा कान उचलले, वाटेकडं बघितलं आणि पुन्हा मान टाकली. हनुवटी सपाट जमिनीवर. कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. तानुबाई म्हणाली, "सुटले बिचारे." रखमाजीनं मान हलवली आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून निजला. इतकं सुनं त्याला मेंढरं गेली तेव्हाही वाटलं नव्हतं. तरी रोज पाण्याचा तांब्या भरून दगडावर ठेवायचा, संध्याकाळी तो भरलेलाच असायचा.

आठ दिवसांनी सुट्टीच्या वारी हनुमंत वस्तीवर आला. आल्या आल्या मोबाईल काढून बापाजवळ बसला.

"आप्पा, काल दौंडला जाऊन आलो. तुमच्या दोरीला गाठी आल्यात. तीन. मी पास्कू ब्रदरला इचारलं, तर ते म्हणाले, मी हात लावला न्हाई, मला वाटलं आबाच येऊन मारून गेले."

रखमाजीनं मोबाईल हातात घेतला. चष्मा लावला. हनुमंतनं बोटांनी फोटो मोठा करून दाखवला. पांढऱ्या लोकरीवर एकाखाली एक तीन गाठी, ताणून बसवलेल्या.

"पण ह्या बघा, उलट्या हायत," हनुमंत म्हणाला. "कुणीतरी चुकीच्या मारल्यात. पुढल्या खेपेला गेलो की सोडून नीट मारू का?"

रखमाजीनं मोबाईल हनुमंतला परत दिला. मग उठला, दगडावरचा तांब्या उचलला आणि पाणी लाल्याच्या भांड्यात ओतलं.

"हात लावू नगंस," तो म्हणाला. "बरोबर हायत."